बंपरमागचा द्रोण

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. माझी हरकत नाही. उलट ती खोटी ठरली तर मला आज चार घास तरी जातील.

भुताच्या गोष्टीला अमावस्या लागते, पिंपळ लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं. यातलं काहीही माझ्याकडे नाही. तो चैत्रातला मंगळवार होता. दुपारचे साडेबारा. सावलीतही अंग भाजत होतं. ठिकाण, बीडहून पालीकडे जाताना रस्त्याला लागून असलेलं सिदूचं गॅरेज. समोर चहाची टपरी, मागे बाभळी. एवढ्या उजेडात भूत यायचं म्हणजे त्यालाच टोपी घालावी लागेल, असं मी तेव्हा म्हटलं असतं.

आता नाही म्हणत.

गाडी माझ्या साडूची. आप्पाराव. नांदूरघाटचे मोठे बागायतदार, तालुक्यातलं वजनदार नाव. वजनदार हा शब्द मी दोन्ही अंगांनी वापरतोय. आप्पाचं जेवण तालुक्यात प्रसिद्ध होतं. लग्नाच्या पंगतीत आप्पा बसला की वाढपी बादली घेऊन तिथेच उभा राहायचा. पुढे जाऊन परत यायचे कष्ट कोण घेणार?

गाडी पांढरी, उंच. दोष एकच होता.

रिव्हर्स टाकला की मागचे सेन्सर वाजायचे.

मागे काही नसताना.

मोकळ्या रानात उभी केली तरी... पीं... पीं... पीं... आणि मग एकसलग पींऽऽऽ. म्हणजे मागे अगदी चिकटून कुणीतरी आहे.

आप्पाने त्या आवाजाची धास्तीच घेतली होती. रिव्हर्स घ्यायला लागू नये म्हणून गाडी कुठेही आत लावायचा नाही. एकदा आमच्या गल्लीत चुकून शिरला, तर मागे घ्यायला नको म्हणून तिसऱ्याच्या अंगणातून, वाळत घातलेल्या कुरडयांच्या कडेने गाडी काढली. मी त्याला विचारलं, "आप्पा, तू राजकारणात पण मागं सरत नाहीस, ते याच्यामुळंच का?"

तो हसला नाही. आप्पा माझ्या विनोदाला हसला नाही, हे पहिल्यांदा झालं.

मी सोबत गेलो, कारण आप्पाने बोलावलं. तिसरा होता त्रिंबक, आप्पाचा ड्रायव्हर. बारीक, सावळा, धारूरकडचा. त्रिंबक जामिनावर सुटलेला होता. का, ते सांगतो. जरा दम धरा. मलाही ते सांगायला दम लागतो.

सिदू पस्तिशीचा, कानाला पेन्सिल, तोंडाला बडबड.

"मालक, सेन्सर जिता हाय का मेला, ते कानानं कळतंय बगा," तो म्हणाला. "रिव्हर्स टाकायचा आन् कान लावायचा. जिता आसंल तर आतून घड्याळावानी टिक टिक करतो."

त्याने त्रिंबकला स्टिअरिंगवर बसवलं. रिव्हर्स टाकायला लावला. स्वतः मागे उकिडवा बसून चारी सेन्सरना एकेक करून कान लावला.

"चारी जिते हायत. आता मी सरकतो बाजूला, मंजी खरं कळंल."

तो बाजूला झाला.

शांत.

एकही पीं नाही.

"हॅ. कायबी न्हाई गाडीला," सिदू म्हणाला. "मालक, तुमी बसा बरं."

आप्पा नको म्हणत होता. पण चार लोकांत नको तरी किती वेळा म्हणणार? बसला. रिव्हर्स टाकला.

पीं... पीं...

मागे बाभळीपर्यंत मोकळी जागा. एक पानही हलत नव्हतं.

पीं पीं पीं... पींऽऽऽ.

सिदू हसायला लागला. "आयला! त्रिंबक बसला की गप, मालक बसले की बोंब. गाडी मालकाला वळखती म्हणायची!"

हसण्यात तो एकटाच होता.

त्रिंबकने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या टपरीकडे पाहिलं. टपरीत पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी बराच वेळ पाहिलं.

"कशापायी वाजतंय बे हे?" आप्पा आतूनच ओरडला. "फेकून दे समदे सेन्सर. नवे बशीव. आजच्या आज."

सिदूने बंपर काढायला घेतला. आधी मागचे दोन्ही दिवे काढले. मग चाकांच्या कमानीतले स्क्रू, मग खालच्या क्लिपा. शेवटी दोन्ही कोपरे धरून हिसका दिला. कड्... कड्... करत बंपर सुटला. तारेचा जोड त्याने चिमटीने सोडवला आणि अख्खा बंपर उचलून पाच-सहा पावलांवर पोत्यावर नेऊन ठेवला.

बंपर काढलेली गाडी मागून फार उघडी दिसते. धोतर सुटलेल्या माणसासारखी. आत एक लोखंडी आडवी पट्टी, त्यावर धूळ, चिखलाचे पापुद्रे.

आणि त्या पट्टीवर...

एक द्रोण.

पळसाच्या पानाचा. लग्नात वाढतात तसला. कुणीतरी हाताने नीट ठेवावा तसा, सरळ ठेवलेला.

त्यात बुंदी होती.

सिदू वाकला. त्याने वास घेतला. त्याची बडबड थांबली.

"काका," तो मला हळूच म्हणाला, "ताजी हाय."

मी पाहिलं. पान हिरवं होतं. बुंदीवर तूप चमकत होतं. भोवती वर्षभराची धूळ... आणि बुंदीला एक मुंगी नाही.

आता दम धरून उपयोग नाही. सांगतो.

आदल्या वर्षीचा मे महिना. केजकडे एका लग्नाला आम्ही गेलो होतो, आप्पा आणि मी. शेवटची पंगत चालू होती, तीन वाजले असतील. आप्पाला दुसऱ्या लग्नाला पोचायचं होतं. त्रिंबक नुकताच पंगतीला बसला होता, म्हणून आप्पा स्वतः स्टिअरिंगवर बसला. मी शेजारी.

गाडीच्या मागे सावली पडली होती. त्या मैदानात तेवढीच सावली होती.

त्या सावलीत चंद्रभागाबाई जेवायला बसली होती. हिवाळ्यात ऊस तोडायची, लग्नसराईत आचाऱ्याकडे भांडी घासायची. शेवटच्या पंगतीबरोबर तिला पान मिळालं होतं. तिचं नावही मला नंतर कळलं, पोलिसांच्या कागदावर.

आप्पाने रिव्हर्स टाकला.

सेन्सर वाजला.

मी म्हणालो, "आप्पा, वाजतंय."

आप्पा म्हणाला, "उगंच वाजतंय ते."

एवढंच झालं. पुढचं मी सांगणार नाही. तिचा पहिला घास झाला असेल किंवा नसेल. पान तिथेच होतं. भात तसाच होता. द्रोण नव्हता. पण तेव्हा द्रोण कोण मोजतो?

आमच्याकडे जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत. दारात सरकारी माणूस आला तरी सांगतात, जेवतायत, बसा. भांडण असलं तरी आचवेपर्यंत थांबतात. आप्पाही पाळायचा हे. कट्टर पाळायचा.

त्या दिवशी दोन माणसं ताटावरून उठली. दुसरा त्रिंबक. आप्पाने त्याला पंगतीतून बोलावून घेतलं. हात खरकटा होता त्याचा. आप्पा म्हणाला, "त्रिंबक, गाडी तू चालवत व्हतास. तुझ्या पोरीच्या, सायलीच्या नर्सिंगचं मी बगतो."

त्रिंबक हाताला चिकटलेल्या भाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हात धुऊ का?"

जबाब असा लिहिला गेला: गाडी त्रिंबक चालवत होता, आणि मागचे सेन्सर बंद होते.

साक्षीदार म्हणून खाली सही आहे. माझी.

मी बरीच वर्षं पेपरात टिंगलीचं सदर लिहिलं. ज्याची त्याची खोटी साक्ष, ज्याचे त्याचे खोटे जबाब, सगळ्यांची रेवडी उडवली. त्या सगळ्या लिखाणात लोकांनी शब्दश: खरं मानलं ते एकच. तो जबाब.

तर, द्रोण.

सिदू म्हणाला, "मालक, आन्न हाय. बाभळीखाली ठिवतो. खाईल पाखरू."

आप्पा खाली उतरला. त्याने द्रोण पाहिला. ओळखला की नाही, मला माहीत नाही. पण घाम फुटला.

"पाखरू खाईल! आण इकडं!"

त्याने द्रोण ओढून घेतला आणि रस्त्याकडेच्या नालीत भिरकावला. बुंदी हवेत उडाली. काळ्या पाण्यावर पडली.

त्रिंबक पहिल्यांदा बोलला. "मालक... तेवडं कराय नव्हतं पायजे."

"तू गप बे!" आप्पा परत स्टिअरिंगवर जाऊन बसला, एसी लावून. काचा वर.

बंपर पोत्यावर पडलेला. तारेचा सुटा जोड सिदूच्या हातात. गाडीला मागे सेन्सर नावाची गोष्टच उरली नव्हती.

आणि...

पीं.

सिदूने हातातल्या जोडाकडे पाहिलं.

पीं... पीं...

"काका, ह्यो जोड सुटाय माझ्या हातात. वाजंल कशानं? आता तर पडद्यावर एरर दावाय पायजे."

मी काचेतून आत पाहिलं. आप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. समोरच्या पडद्यावर आकडे होते.

एक मीटर.

सत्तर सेंटिमीटर.

चाळीस.

गाडी जागची हलत नव्हती. मागे आम्ही नव्हतो. आकडा मात्र कमी होत होता.

दहा.

पींऽऽऽऽऽ...

मग एकदम शांत.

मी म्हटलं, गेलं. सुटलो.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. हळू, मंजूळ, टुंग... टुंग... पडद्यावर एक लाल चित्र लागलं. हे चित्र मला माहीत होतं. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की ते लागतं.

मागची सीट रिकामी होती.

इतके दिवस मध्ये बंपर होता. आता नव्हता.

आप्पा दार उघडून अक्षरश: बाहेर पडला. त्रिंबक शांतपणे गाडीशी गेला. मागचं दार उघडून आत डोकावला. मग दार अलगद लावलं. कुणी झोपलेलं असताना लावतात तसं.

"काय हाय रे आत?" मी विचारलं.

"काय न्हाई काका," तो म्हणाला. "बसू द्या. लई दिस उन्हात बसली व्हती."

सिदूने नवे सेन्सर बसवले. बंपर चढवला. चाचणी घेतली. मागे माणूस उभा केला की वाजायचं, सरकला की गप. आप्पा बसला तरी गप. काम चोख. आप्पाच्या तोंडावर रंग परत आला.

"बगितलंस, साडू? सेन्सरच खराब व्हते. मी तवाच सांगितलं व्हतं जबाबात."

मी खानावळीकडे चालायला लागलो. मला भूक लागली होती, हे कारण मी स्वतःला दिलं.

आम्ही जवळच्या खानावळीत बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. आप्पाने भाकरी चुरली. घास उचलला.

तोंडापाशी नेला.

आणि थांबला.

"वाजलं," तो म्हणाला.

"काय?"

"वाजलं की! मागं!"

मागे भिंत होती. भिंतीवर कॅलेंडर.

त्याने घास खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी घास ओठापाशी तसाच धरून बसला. आमटी मनगटावरून ओघळत होती.

"लई जवळ वाजतंय, साडू."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्रिंबक समोर बसून जेवत होता. सावकाश. शेवटचा घास होईपर्यंत. मग ताटात हात धुऊन उठला. त्याला कुणी उठवलं नाही.

चार दिवसांनी आप्पाच्या सुनेचा, रोहिणीचा फोन आला.

"काका, मामांनी चार दिस झाले घास घेतला न्हाई. पाणी पितेत, चहा पितेत. ताट वाढलं की मागं वळून बगतेत आन् उठतेत. तुमी या एकडाव."

मी गेलो. विमलबाई, म्हणजे माझी मेहुणी, चुलीसमोर बसून रडत होती. घरात सगळ्या देवांचे अंगारे होऊन गेले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून आप्पा भिंतीला पाठ लावून जेवायला बसला. वाजलं. भिंतीतून वाजलं, म्हणाला. मग घराच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्यात बसवलं. तिथेही वाजलं. जवळून.

बीडच्या एका दवाखान्यात ठेवलं. तपासण्या झाल्या. घसा चांगला, पोट चांगलं, डोकंही चांगलं निघालं, याचं मला थोडं नवल वाटलं. नळीतून अन्न द्यायला घेतलं तर त्याने नळी उपसून टाकली. नळीतूनही वाजतं म्हणाला. शेवटी सलाईनवर ठेवलं. वीस दिवसांत आप्पाचं निम्मं शरीर कुठे गेलं कळेना. अंगठ्या बोटांतून निसटून पडायला लागल्या.

मी एकटा असताना त्याच्या कानाशी बसलो.

"आप्पा, पुढच्या महिन्यात त्रिंबकची तारीख आहे. तो गुन्हा कबूल करणार. तू वकिलाला बोलव. खरं सांगून टाक."

"आन् माझं विलेक्शन?"

"आप्पा, तू मरायला लागलास."

 मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सांगतो," तो म्हणाला. "समदं सांगतो. पन आदी मला एक घास खाऊ दे, साडू. एकच. पोटात आग पडली."

"आधी सांग, आप्पा."

"आदी जेवू दे."

आयुष्यभर आप्पाने सगळीकडे आधी जेवून घेतलं होतं. आता सवय कुठून सुटणार?

रोहिणीने मऊ भात कालवून आणला. आप्पाने घास उचलला. दात-ओठ खात तोंडाकडे नेला. कपाळाच्या शिरा फुगल्या. मी त्याच्या मागे पाहिलं. पलंगाची पाठ, उशी. काही नाही.

पण उशी...

उशी मधोमध दबत गेली. कुणीतरी टेकावं तशी.

आप्पाचा हात ओठापाशी थांबला. तो तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. घास हातातून सोडवायला दोन माणसं लागली.

खरं सांगायचं राहून गेलं.

आता मनातलं काळं सांगतो. आप्पा गेला तेव्हा मला वाईट वाटलं, पण आत कुठेतरी हलकंही वाटलं. खरं माहीत असलेला मोठा माणूस गेला. त्रिंबक गप्पच राहणार होता, पोरीसाठी. आता माझी सही कोण तपासणार? प्रकरण आपोआप मिटत होतं. मी स्वतःलाच म्हटलं, म्हाताऱ्या, तू सुटलास.

तेराव्याला नांदूरघाटला पंगत बसली. भर दुपारी, मांडवात. गावच्या रिवाजाप्रमाणे गोडाचं जेवण. वाढपी आला. पानावर भात, वरण, भाजी. मग बाजूला एक द्रोण ठेवला.

बुंदी.

मी पहिला घास उचलला.

आणि मागे...

पीं.

मोबाईल असेल कुणाचा, म्हणालो. घास पुन्हा उचलला.

पीं.

सावकाश. दोन आवाजांत बरंच अंतर. म्हणजे अजून लांब आहे. एक मीटर असेल. जास्तही असेल.

मी मागे पाहिलं. मागच्या रांगेत पाठमोरी माणसं जेवत होती. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एका माणसाइतकी जागा रिकामी होती. दाटीच्या पंगतीत तिथे कुणीच बसलं नव्हतं. का बसलं नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी ताटावरून उठलो.

आज चौथा दिवस. चहावर आहे. बायको म्हणते, पित्त झालंय. मी म्हणतो, हो, जुनं आहे.

उद्या केजच्या कोर्टात त्रिंबकची तारीख. मी वकिलाकडून सगळं टाइप करून घेतलंय. गाडी कोण चालवत होतं. सेन्सर चालू होता. वाजला होता. मी ऐकला होता. खाली सही केलीय. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. सकाळच्या एसटीने जाणार. एसटीला मागे सेन्सर नसतो, पाठीमागे कंडक्टर शिट्टी वाजवतो, तेवढं मला सहन होईल असं वाटतं.

त्रिंबकला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, डबा आना दोन मानसांचा. कोर्टाच्या सावलीत बसून जेवू."

"तीन माणसांचा आणतो," मी म्हणालो.

कोर्टाचं आटोपलं की आधी तिसरं पान वाढीन. ती आचवेपर्यंत थांबेन. मग माझा डबा उघडीन. तेव्हा नाही वाजलं तर समजेन, तिचं जेवण झालं.

आणि वाजलं तर?

हे लिहिताना बायकोने शेजारी बशीत दोन बिस्किटं आणून ठेवलीत. मी फक्त हात पुढे केला. खायला नाही. बशी सरकवायला.

पीं... पीं...

चार दिवसांपूर्वी दोन आवाजांत बरंच अंतर होतं.

आता तेवढं नाही.